सरपंच रणजिता, भाग चौथा

१२ फेब्रुवारी

आज 'रणजिता रसिक मंडळ, सोलापूर' या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझा जाहीर अपमान झाला. निवृत्तीनंतर चार वर्षं डायरी लिहिली नव्हती. आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

संघप्रिया म्हणून एक मुलगी आहे, कॉलेजात शिकवते. मंडळात तरुण माणसं हवीत म्हणून मीच तिला घेतली. पायावर धोंडा मारून घेणे म्हणतात ते हेच. तिनं लिहिलं, "सरपंच रणजिताचे पहिले तीन भाग परत पाहिले. खंबीर बाई म्हणे! कुठलाही निर्णय आला की 'ह्यांना विचारून सांगते' म्हणत घरी जाते. आपण हिला एवढं डोक्यावर का घेतलं होतं?"

आपण! ही बया तेव्हा पाळण्यात होती. सत्तावीस वर्षांपूर्वी दर गुरुवारी ही मालिका लागायची तेव्हा आमच्या गल्लीत चिटपाखरू दिसत नसे. खेड्यातली साधी बाई सरपंच होते आणि भल्याभल्यांना पाणी पाजते! खंबीर स्त्री कशी असते हे मला रणजितानं शिकवलं.

मी उत्तर दिलं की पहिल्या तीन भागांवरून रणजिता तोलू नये, चौथा बघावा. भर ग्रामसभेत म्हातारा पाटील तिला म्हणतो, "बसा ताई." आणि रणजिता ताडकन उठून म्हणते, "ही खुर्ची मला मिळाली आहे. हिच्यावर बसेनही मीच आणि बोलेनही मीच!" हे वाक्य मी निरोपसमारंभात म्हटलंय, लग्नांत म्हटलंय, मंडळाच्या लेटरहेडवर छापलंय.

संघप्रिया म्हणते, "सर, चौथा भाग नेटवर कुठंच नाही. तुमच्याशिवाय कुणी पाहिलाय का?"

मी लिहिलं, "माझ्याकडे कॅसेट आहे."

ग्रुप गार पडला. टेंभुर्णीच्या कुंडलिकनं तेवढे तीन नमस्कार पाठवले. त्याचे ट्रक आहेत, पण मनानं रसिक माणूस.

जेवताना सौ.ला सगळं सांगितलं. ते वाक्य आलं की ती नेहमी विचारते तेच आजही विचारलं, "हे नक्की कोण म्हणालं हुतं?" हजार वेळा सांगून झालंय. वयानुसार विसरभोळेपणा येतो, काय करणार.

१५ फेब्रुवारी

कॅसेट सापडली! माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. लेबलवर माझंच अक्षर: 'रणजिता ४. पुसू नये.' खाली आधी काहीतरी लिहून खोडलेलं आहे, ते लागत नाही.

सौ.नं ती पदरानं पुसली आणि किती तरी वेळ हातात धरून बसली. "ह्याच्यावर आधी काय हुतं, आठवतंय का तुमास्नी?" मी म्हटलं, काय असणार, कोरी असेल. ती भाकऱ्या थापायला निघून गेली.

कुंडलिकशी बोललो. ८ मार्चला जागतिक महिला दिन आहे, रविवारही आहे. हॉल घेऊन जाहीरपणे चौथा भाग दाखवायचा. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

१९ फेब्रुवारी

सकाळीच हिरेवाडीहून बजाबाई आणि तीन बायका आल्या. हिरेवाडी म्हणजे आमचं गाव, वळसंगच्या थोडं पुढं. आमची नावं अजून तिथल्याच मतदारयादीत आहेत. गावची निवडणूक लागलीय आणि सरपंचपद परत महिलेला राखीव निघालंय. बायकांचं म्हणणं, चंद्रव्वानं उभं राहावं. चंद्रव्वा म्हणजे आमची सौ.

खरं तर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी सौ. पाच वर्षं सरपंच होती. म्हणजे मीच होतो. सही तिची, डोकं माझं. मी शाळा सांभाळून गावचा सगळा कारभार बघितला. लोक मला 'सरपंचसाहेब' म्हणायचे आणि तिला 'मास्तरीणबाई'. तिला त्रास म्हणून कसला होऊ दिला नाही. तहसीलदार आले तरी तिला फक्त चहाला बाहेर यावं लागायचं.

मी लगेच होकार दिला. "आम्ही उभे राहतोय," म्हटलं.

बजाबाई माझ्याकडं बघेचना. म्हणाली, "मास्तर, आमी चंद्रव्वाला इचारलं की."

सौ. म्हणाली, "इचार करते."

आता यात विचार कसला करायचा? विचार करायला मी आहे ना! बायका गेल्यावर जाहीरनाम्याचा कच्चा मसुदा करून टाकला. संपर्कासाठी माझा मोबाईल नंबर टाकला. सौ.ला तो फोन उचलायची कटकट नको.

२३ फेब्रुवारी

कॅसेट पेनड्राईव्हवर घ्यायला एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडं दिली. त्याच्याकडं जुनं मशीन चालू आहे. बजावून सांगितलं, एक सेकंदसुद्धा कापायचा नाही. हा ऐतिहासिक दस्तऐवज आहे.

संध्याकाळी त्याचा फोन. "सर, शिरेल संपल्यावर फुडं दुसरंच कायतरी लागतंय. काढून टाकू का?"

मी म्हटलं, "बाबा रे, त्या जाहिराती असतील. त्यासुद्धा त्या काळाचा ठेवा आहेत. कात्री तुझ्या शहाणपणाला लाव."

"मर्जी तुमची," म्हणाला. आजकाल कारागिरांना कलेची चाड उरलेली नाही.

पेनड्राईव्ह मिळाला. मोबाईलमध्येही एक प्रत घेतली. पण मी ती बघितली नाही, सगळ्यांबरोबरच बघायची. कुंडलिक म्हणाला, "आदी एकदा बगून घ्या की मास्तर." मी म्हटलं, मला पाठ आहे.

२ मार्च

निमंत्रणपत्रिका छापून आल्या. महिला दिनाचा कार्यक्रम म्हणून गुलाबी रंग घेतला. अध्यक्ष मी. प्रमुख पाहुणे म्हणून आमचे माजी मुख्याध्यापक. स्वागत कुंडलिक, प्रास्ताविक शाळेतले जुने सहकारी, आभार त्यांचे मेहुणे.

संघप्रियाचा मेसेज: "सर, महिला दिनाच्या व्यासपीठावर एक तरी महिला?"

काय उचलली जीभ लावली टाळ्याला! सगळा कार्यक्रमच एका महिलेवर आहे. शिवाय नाश्ता पूर्णपणे महिलांकडेच सोपवलाय. सौ. आणि बजाबाईच्या बायका मिळून साठ माणसांचा चुरमुऱ्यांचा सुशीला करणार आहेत. खुर्च्या, पडदा, माईकवाला हेसुद्धा सौ.नंच ठरवलं, कारण मी भाषण लिहिण्यात अडकलोय.

विषय: 'रणजिता: स्त्रीच्या मौनाला फुटलेला कंठ'. भाषण सौ.ला वाचून दाखवत होतो. तिनं मध्येच विचारलं, "तहसीलला अर्ज भरायची शेवटची तारीख कवा हाय?" मी चिडलो. तल्लीनता म्हणून काही नाहीच. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. बाहेर माझं बोलणं ऐकायला माणसं येतात, आणि घरात हे असं.

५ मार्च

सौ. अजून 'हो' म्हणत नाही. विचारलं तर म्हणते, "तुमचा कार्यक्रम हू दे." उन्हाचा कडाका वाढलाय. झब्बा इस्त्रीला टाकला.

८ मार्च, रविवार

शांत डोक्यानं लिहायचा प्रयत्न करतो.

हॉल भरला होता. माझं भाषण उत्तम झालं. शेवटी ते वाक्य मी असं काही टाकलं की टाळ्या पडल्या. मग दिवे घालवले आणि भाग चौथा सुरू झाला.

चित्र जरा खरबरीत होतं, पण रणजिताच ती. तीच कलाबुतीची साडी, तेच मोठं कुंकू. गावात पाण्याचा तंटा. मग ग्रामसभा. मी कुंडलिकला कोपरानं ढोसलं, "आता बघ." म्हातारा पाटील म्हणाला, "बसा ताई." रणजिता उठली. संगीत वाजलं. कॅमेरा जवळ गेला. आणि ती म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते."

आणि घरी गेली. घरी नवऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उरलेला वेळ तोच बोलत राहिला. ग्रामसभेला उत्तरही त्यानंच दिलं. ही दारामागून डोळे पुसत बघत होती. समाप्त. नावं वर सरकू लागली.

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन् हसलं. काहीतरी तांत्रिक घोटाळा असणार! मी व्हिडिओवाल्याला शिव्या घालायला उठणार तोच पडद्यावर पांढरे पट्टे नाचले आणि दुसरंच चित्र लागलं.

आमच्या हिरेवाडीच्या देवळाचा कट्टा. कोपऱ्यात तारीख: १५-८-१९९८. म्हणजे मालिकेच्याही आधीची. स्वातंत्र्यदिनाची ग्रामसभा. त्या दिवशी वळसंगहून कॅमेरावाला आणला होता, ते आता आठवलं.

पडद्यावर एक पोरसवदा बाई खुर्चीतून उठत होती. हिरवं लुगडं, हातात माईक. कुणीतरी पुरुष ओरडला, "बसा की वयनी, मास्तर बोलत्याल!" ती बसली नाही. आवाज कापत होता पण शब्द चोख होते:

"खुर्ची मला दिलीय न्हवं? मग हिच्यावर बसणार बी मीच आनि बोलणार बी मीच."

"मास्तर," कुंडलिक माझ्या कानात म्हणाला, "ह्या तर आपल्या वयनी की."

एवढ्यात पडद्यावर डाव्या बाजूनं एक मिशीवाला तरुण आला. त्यानं तिच्या हातातून माईक काढून घेतला, हसला आणि म्हणाला, "सौ. जरा भावनेच्या भरात बोलल्या. त्यांना म्हणायचंय ते असं की..." ती क्षणभर उभी राहिली आणि बसली. पुढं कॅसेट संपेपर्यंत तो मिशीवालाच बोलत होता.

तो मी होतो. आवाज खणखणीत होता माझा, हे मान्य करावं लागेल. रस्ता, गटार, शासकीय योजना, सगळे मुद्दे क्रमवार घेतले होते. पण हॉलमधल्या एकाचंही मुद्द्यांकडे लक्ष नव्हतं. सगळे हिरव्या लुगड्याकडं बघत होते, आणि ती मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

दिवे लागले. संघप्रिया उठली. मला वाटलं, मला विचारेल. ती मागं वळून नाश्त्याच्या टेबलाकडं बघत म्हणाली, "काकू, हे वाक्य तुमचं होतं?"

मी माईकवर लगेच म्हटलं, "त्याचं असं आहे की सौ.ला त्या काळी..."

पुढचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. सगळा हॉल हसत सुटला. बायका तर डोळ्याला पदर लावून हसत होत्या. बजाबाईनं मांडीवर थाप मारली. आमचे माजी मुख्याध्यापकसुद्धा! मी काय विनोद केला होता, मला कळेना. मग हातातल्या माईककडं बघितलं.

सौ. हात पुसत पुढं आली आणि माझ्यासमोर हात पसरला. मी माईक दिला. दुसरं काय करणार, साठ माणसं बघत होती.

"व्हय, माझंच हाय," ती म्हणाली. "तवा एवढंच बोलाय मिळालं. बजाबाई, उद्या सकाळी गाडी सांग, तहसीलला जाऊन अर्ज भरूया. आनि समद्यांनी आदी खाऊन घ्या, सुशीला गार व्हायलाय."

टाळ्या. माझ्या भाषणाला पडल्या त्याहून जास्त. आभारप्रदर्शन राहूनच गेलं.

९ मार्च

ती अर्ज भरून आली. बजाबाई आणि संघप्रिया बरोबर होत्या. मी तयार होऊन बसलो होतो, पण गाडीत जागा नव्हती म्हणे. चारजणांची गाडी, तीन बायका.

संपर्क म्हणून तिनं स्वतःचा नंबर दिलाय. सकाळपासून तो वाजतोय. उठून उठून चहा मलाच करावा लागला.

११ मार्च

पूर्ण विचारांती मी एका निष्कर्षाला आलो आणि तो ग्रुपवर टाकला. रणजिताच्या लेखकानं आमच्या ग्रामसभेची हकीकत कुठूनतरी ऐकली असणार. म्हणजे रणजिताची मूळ प्रेरणा आमच्याच घरात आहे, आणि कॅसेट जपून ती उजेडात आणण्याचं श्रेय...

संघप्रियानं लिहिलं, "सर, पण रणजिता ते वाक्य म्हणतच नाही."

मी लिहिलं, पाचव्या भागात असेल. तिनं पाचवा भागच पाठवला. नाही. सहावा पाठवला. नाही. कुंडलिकनं फोन केला. "मास्तर, सोडा आता. वाक्य घरच्या बाईचं हुतं. टीव्हीतल्या बाईच्या तोंडी घातलं तवा तुमास्नी ग्वाड लागलं." इतक्या वर्षांची मैत्री, आणि असं बोलावं! मी फोन ठेवला.

रात्री सौ.ला विचारलं, "कॅसेट बघून तुला राग आला का?"

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "माईक घेतला त्याचा राग तवाच येऊन गेला. पर त्या कॅशेटीत झेंडावंदन हुतं. मी झेंडा वडला हुता. माझी आई पैल्या वळीत बसून टाळ्या वाजवीत हुती. आईचं हालतं-बोलतं तेवढंच हुतं. त्येच्यावर तुमी तुमची रणजिता भरली."

मी म्हटलं, "अगं, पण त्या दिवशी दुकानात नवी कॅसेट शिल्लक नव्हती."

ती म्हणाली, "व्हय. तवाबी हेच म्हणाला हुता."

झोप येत नाही. खरंच नव्हती शिल्लक. मी दोन दुकानं फिरलो होतो. बहुतेक एकच.

१६ मार्च

सौ.च्या प्रचारपत्रकाचं प्रूफ आलं. माझा जाहीरनामा त्यात नाही. मुद्दे तीनच आहेत. शाळेतल्या मुलींचं स्वच्छतागृह, वरच्या आळीचं पाणी, आणि ग्रामसभेत बायकांनी आधी बोलायचं. भाषेच्या चुका मी काढून दिल्या. तिनं त्यातल्या निम्म्या परत घातल्या. म्हणाली, "आमी असंच बोलतो."

मंडळाच्या लेटरहेडवर वाक्याखाली 'रणजिता' असं छापलेलं आहे. कागद पुष्कळ उरलेत. काय करावं?

२२ मार्च

हिरेवाडीत पहिली प्रचारसभा. देवळाच्या त्याच कट्ट्यावर. मी गेलो होतो, खिशात चार मुद्दे ठेवून. कधी काय लागेल सांगता येत नाही.

कट्ट्यावर खुर्ची एकच होती. मी बजाबाईला म्हटलं, अजून एक मागव. ती म्हणाली, "कुणाला?" मी खाली सतरंजीवर बसलो. गुडघे दुखतात माझे, पण इथं कुणाला पडलीय!

बजाबाईनं माझ्या हातात माझाच फोन कोंबला. "मास्तर, तुमी उंच हाय. भाषण काढा. एक सेकंद बी कापायचा न्हाय हं." सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. ही गोष्ट हिरेवाडीपर्यंत पोचली म्हणायची.

चंद्रव्वा उठली. कुणीतरी पोरगं ओरडलं, "मास्तर, तुमी बी बोला की!" सवयीनं मी उठलो. खरंच सवयीनं. ती माईकवरूनच म्हणाली, "बसा मास्तर." पण मी बसलो नाही, कारण बसल्यावर फोनमध्ये फक्त लोकांची डोकी येत होती. उभा राहूनच काढत राहिलो.

कागद न बघता बोलली ती. मध्येच कानडीत बोलली तेव्हा म्हाताऱ्या बायका खुदकन हसल्या. शाळेच्या मुलींचं बोलताना तिचा आवाज एकदा तसाच कापला, त्या कॅसेटमधल्यासारखा. मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं की हिला आकडे तोंडपाठ असतात. कुठल्या आळीत किती नळ, कुठला कोरडा, सगळं. मी सरपंच असताना मला लिहून ठेवावे लागायचे.

आणि ऐन रंगात असताना फोन बंद पडला. म्हणजे चालू होता, पण चित्रण थांबलं. जागा शिल्लक नाही, काहीतरी काढून टाका, असं आलं. ती बोलतेय, हात वर केलेला, आणि मी यादी बघतोय काय काढायचं. नातवाचे फोटो काढवत नव्हते. सगळ्यात मोठं होतं ते 'रणजिता भाग ४, संपूर्ण'.

काढून टाकलं. त्यात फार काही नाही, पेनड्राईव्ह कुंडलिककडं आहे. असेल.

पुढचं सगळं भाषण आलं. मधलं एक वाक्य तेवढं राहिलं, आणि नेमक्या त्यालाच टाळ्या पडल्या होत्या. घरी येताना गाडीत तिला विचारलं, "चंद्रव्वा, हात वर करून काय म्हणालीस गं तेव्हा?"

ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "तुमीच सांगा की मास्तर. माझी वाक्यं तुमास्नीच पाठ असत्यात."